लाल फुली

जनाबिया भागातल्या विशेष मुलांच्या सेंटरमधून श्रावस्तीला आणताना नीलम आधी तिच्या गळ्यातली पाटी निरखायची. बोलता न येणारी लेक पाटीवरच्या चित्रांवर बोट ठेवूनच आपलं म्हणणं सांगायची. आज एक चित्र गायब होतं, लाल फुलीचं, ‘नको’चं. “गिर गया होगा, भाभी,” आया हसली. “पर लडकी सयानी हो गयी. सब खाती है, झगडा मफी, बिलकुल नहीं.” नीलमच्या मनात पाल चुकचुकली. बाकीची चित्रं घट्ट चिकटलेली होती. मग नेमकं हेच कसं पडलं? माहूजला घरी पोचल्यावर तिनं विचारलं, “बाळा, उद्या जायचं ना सेंटरला?” श्रावस्तीनं बोट रिकाम्या चौकोनावर दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. ती जागा आधीच बोटांच्या ठशांनी काळवंडली होती. नीलमनं नवं चित्र चिकटवलंच नाही. पक्क्या शाईचं मार्कर घेऊन थेट पाटीवरच लाल फुली मारली. “आता उचकटा म्हणावं!”