मधोमध डाग

आखूड टप्प्याचा चेंडू हेल्मेटच्या जाळीवर आदळला, तेव्हा मास्तर जागचे हललेसुद्धा नव्हते.

त्यांना खेळाडूंच्या खोलीत आणून बसवलं. गालाला खोक नव्हती, डोकं गरगरत नव्हतं. पॅड मात्र त्यांनी कुणाला काढू दिले नाहीत. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी या क्लबसाठी पगारी फलंदाज म्हणून उतरायचं, यातच त्यांची उमर गेली होती. एका चेंडूनं काय होतंय, असं ते ज्याला त्याला सांगत राहिले.

सगळे बाहेर गेल्यावर कप्तानानं दार लोटून घेतलं. तो एके काळी मास्तरांच्याच वर्गात होता.

"सर, डोकं बाजूला का नाही घेतलंत?"

"अंदाज चुकला रे. होतं कधी कधी."

"अंदाज चुकला तर माणूस चुकीच्या बाजूला तरी हलतो. तुम्ही हललाच नाहीत."

मास्तर हातमोजे चाचपत बसले. कप्तान खिडकीपाशी गेला आणि त्यानं उजेडात हात धरला.

"माझ्या हातात काय आहे?"

"माझी परीक्षा घेतोस?"

"हो, सर."

इतक्या सरळ उत्तराची मास्तरांना अपेक्षा नव्हती. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"चेंडू. दुसरं काय असणार?"

"हात रिकामा आहे, सर."

मैदानावर कुणीतरी चौकार मारला असावा, टाळ्या झाल्या. मास्तरांनी हातमोजे बाजूला ठेवले.

"कडेकडेचं दिसतं," मास्तर म्हणाले. "मधोमध डाग आहे. तू उभा आहेस हे कळतं, तुझं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार."

"आणि वर्ग?"

"बीजगणित पाठ आहे मला. फळ्यावर हात आपसूक चालतो. पोरं आवाजावरून ओळखतो. वह्या बायको वाचून दाखवते." ते घाईघाईनं बोलत होते, अभ्यास न झालेला विद्यार्थी बोलतो तसं. "खेळ आज सोडला, तुझ्यासमोर सोडला. पण शाळेत बोलू नकोस. तेवढंच उरलंय रे."

कप्तान त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि पॅडचे पट्टे सोडवू लागला. या वेळी मास्तरांनी अडवलं नाही.

"माझी पुतणी तुमच्या वर्गात आहे," खाली बघतच तो म्हणाला. "परवा घरी सांगत होती, सर हल्ली फार चांगले झालेत, कुणावर रागावतच नाहीत."

मास्तरांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं.

"म्हणाली, सुरुवातीला आम्ही उत्तर द्यायला हात वर करायचो. सरांचं लक्षच जायचं नाही. म्हणून आता कुणी हात वर करत नाही."