दुखवट्याची भाकरी

शहात्तर साली सोलापूरच्या दवाखान्यात कॅन्सरची इंजेक्शनं घेऊन गोजरबाईचे सगळे केस गळाले. आपल्या गावी, केमला परतल्यावर लाजेनं ती घराबाहेर पडेना. तिला सोबत म्हणून तिच्या नवऱ्यानं, कोंडीबानं, न्हाव्याकडं जाऊन डोकं, मिशा सगळंच भादरून घेतलं. त्याला तसं येताना बघून गोजरबाई गेली, असंच गावाला वाटलं.

शेजारची वच्छला पिठलं-भाकरी घेऊन रडतच दारात आली. "दाजी, लई गुणाची व्हती वो आमची गोजर!"

दार गोजरबाईनंच उघडलं. वच्छलानं भाकरी झटकन पदराआड लपवली.

"आणलंयस तर दे की हिकडं," गोजरबाई म्हणाली. हसत हसत तिनं आपल्याच दुखवट्याची अर्धी भाकरी खाल्ली.

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिला ओकारी आली नाही.