उजेडाचं बटण

सेलूच्या बन्सीधरशेठला माडीवर घरातलं थेटर करायचं होतं. औरंगाबादहून एजंट तीन भिंगांचा व्हिडिओ प्रोजेक्टर दाखवायला घेऊन आला. "नेहमीची कॅसेट लावा शेठजी, मंग फरक कळंल," तो म्हणाला. शेठनं पोराच्या लग्नाची लावली.

ती घरच्या टीव्हीवर पन्नासदा बघून झाली होती. पण भिंतभर पडद्यावर मुंडावळ्यांतला एकेक मोती दिसायला लागला, तसा शेठ खूश झाला.

"हे तर कायच न्हाई," म्हणत एजंटानं उजेडाचं बटण फिरवलं. "मांडवामागची खिडकी बघा. टीव्हीवर नुसती काळी दिसत असंल. आता आतल्या बाई दिसायल्यात का? गज धरून उभ्या हायत, मंगलाष्टकं चालू हायत, अन् त्या आतूनच अक्षता टाकायल्यात. कोण हो त्या?"

ती नर्मदाअक्का होती, शेठची विधवा बहीण. शेठच्या पोराची आई लवकर गेली, त्याला तिनंच वाढवलं होतं. लग्नात विधवेची सावली नको म्हणून शेठनं तिला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

पडद्यावर अक्का माणसाएवढी झाली होती. मूठ रिकामी झाल्यावर तिनं मान वर केली आणि थेट शेठकडं बघितलं.


"मशीन लय चांगलं हाय," शेठ म्हणाला. "ह्याच्यात अंधार करायचं बटण कंचं?"