जाफराबादची तक्रार

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत राजानंद सर्व्हर सांभाळायचा. गावोगावच्या शाखांतली माणसं आपापल्या स्क्रीनवर काम करायची, पण ते चालायचं इथल्या सर्व्हरवर. जाफराबाद शाखेत आता एकटे सर्जेरावकाका उरले होते. रोज दुपारी त्यांची स्क्रीन बंद पडायची आणि फोन यायचा. राजानंद ती सुरू करून देईपर्यंत काका कपाशीचं, उन्हाचं, वारलेल्या काकूंचं बोलत राहायचे.

"रोज एकच तक्रार! म्हाताऱ्याला मशीन जमत नसेल तर घरी बसवू," साहेब वैतागले. "शोध काय ते."

राजानंदने काकांच्या लॉगिनचा माग काढला. ते कोणत्या सर्व्हरवर होते, स्क्रीन जाण्याआधी नेमकं काय झालं, सगळं तपासलं. सर्व्हर ठीक होते, लाइनही ठीक होती. काका रोज स्वतःच कनेक्शन तोडत होते आणि मग फोन लावत होते.

तेवढ्यात फोन वाजला. "राजू, पुन्हा बंद पडली रे. काय बिघाड हाय, सापडला का?"

राजानंदने सर्व्हरच्या खोलीत नजर फिरवली. त्या थंडगार खोलीत मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. सकाळपासून तोही कुणाशी बोलला नव्हता.



"सापडला काका," तो म्हणाला. "उद्यापासून दुपारी मीच फोन लावत जाईन. मंग न्हाई पडायची बंद."