पाच गावांचा वायरमन

"दात किडलेले नाहीत, झिजलेत," डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या. "झोपेत दात खाता का?"

"रोज! जातं फिरल्यासारखा आवाज येतो," शेजारी बसलेली सुमन नवऱ्याआधीच बोलली.

"कामाचा ताण आहे?"

"मला कसला आलाय ताण?" उत्तम खोत हसला. जोडीदार निवृत्त झाल्यापासून वर्षभर पाच गावांच्या विजेच्या तारा तो एकटाच सांभाळत होता.

"मग मुठी का आवळल्यात?"

त्यानं खाली पाहिलं. बोटं सुटेनात. महिनाभर पोटात ठेवलेली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली. पुढच्या गावाला जायच्या घाईत तो लाइन बंद न करताच खांबावर चढला होता. हात तारेपासून वीतभर अंतरावर असताना ते ध्यानात आलं. सुमननं त्याची मूठ हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, यापुढे मी एकटा चढणार नाही."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. "अरे, तू कधी बोललाच नाहीस. मला वाटलं, तुझं निभतंय."

आठवडाभरात शेजारच्या उपकेंद्रातून हसीना मुलाणी बदलून आली. पहिल्याच दिवशी खांबाखालून तिनं खणखणीत आवाज दिला, "लाइन बंद आहे, दादा. दोनदा बघितलंय. चढा निवांत!"

उत्तम चढला. वर पोचल्यावर कितीतरी महिन्यांनी त्याला चहूकडे पसरलेला हिरवागार ऊस दिसला.