उजवा कान

मंगळवारी सकाळी साडेदहाला, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तोकुजी उएमुरांना मुलगा नसल्याचं सिद्ध झालं.

तसं काही झालं नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाला चहा झाला.

चहाला विद्यापीठाची एक मुलगी होती, निशिवाकी. जपानच्या कुठल्या भागातल्या माणसात जुन्या शिकारी जोमोनांचा अंश किती आणि मागाहून होड्यांतून तांदूळ घेऊन आलेल्यांचा किती, याचा नकाशा करायला ती कोरियामा गावात घरोघर कानांत कापसाची काडी फिरवत होती. ओला मळ जोमोनांकडचा, कोरडा होडीवाल्यांकडचा. ओले कान ओकिनावात आणि थेट उत्तरेला जास्त. इकडे नारात बहुतेक सगळे कोरडे.

कात्सुनोरीची काडी आधी झाली. "बाबा, माझ्या कानात मध निघालाय," तो म्हणाला. "मासे सोडा, मधमाश्या पाळू." एकेचाळीस वर्षांचा तो घोडा स्वतःच्याच विनोदावर हसत बूट चढवून तळ्यांकडे गेला.

मग तोकुजींची काडी. कोरडी. त्यांच्या बायकोची, फुसाएबाईंची काडी. पिठासारखी कोरडी.

निशिवाकीने तिन्ही काड्या पुन्हा पाहिल्या. "आजोबा, माझ्या चिठ्ठ्या बदलल्या वाटतं. आईबाप दोघं कोरडे असले तर मूल ओलं होत नाही."

फुसाएबाई चहा ओतत होत्या. पेला भरला, तरी त्या ओतत राहिल्या.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत," तोकुजी म्हणाले. "माझा कान ओला आहे."

"पण मी आत्ताच..."

"आत्ता हिवाळा आहे. तळी आटतात, मग कानानं काय घोडं मारलंय?"

मुलगी हसली. ते हसले नाहीत, तशी ती थांबली. "कान जन्माचा असतो हो, आजोबा. वसंतात तिघांना आपापल्या नावानं पत्र येईल. घरातल्या सगळ्यांचा तक्ता जोडून."

"त्यालाही?"

"त्यांनाही."

ती गेल्यावर फुसाएबाईंनी चटईवरचा चहा पुसला. कोरडी झाली तरी पुसत राहिल्या.

तोकुजी पन्नास वर्षं गोल्डफिश पैदा करत होते. दर वर्षी पांढऱ्या ताटात नखाएवढी पिल्लं घेऊन निवडायची. आईबापांवर न गेलेलं पिल्लू उचलून बगळ्यांच्या डबक्यात टाकायचं. लाखातून एक उपरं हुडकणारी नजर, असं गावात म्हणत. ते पांढरं ताट त्यांनी घरात मात्र कधी आणलं नव्हतं.

"अहो," फुसाएबाई म्हणाल्या. मान खालीच होती. "तुम्हाला कधी कळलं?"

"लहानपणी त्याचे कान कोण कोरायचं?"

"तुम्ही. मला कधी हात लावू दिला नाहीत. शेजारणी हसायच्या, बापाच्या मांडीवर कान कोरून घेणारा पोरगा म्हणून."

"मग?"

बाहेर कात्सुनोरी माशांना हाका मारत होता. मासे हाकेला येतात, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत. तीही कोणी मोडली नव्हती.

तोकुजींनी चष्मा लावला, कागद घेतला आणि एरवी फक्त जमिनीच्या कामाला काढायचा मोठा शिक्का काढला. अर्ज लिहायला त्यांना दुपार लागली.

"सर्वेक्षण प्रमुख यांस. विषय: कानाच्या नोंदीत दुरुस्ती. महोदय, अर्जदाराचा उजवा कान कृपया ओला असा नोंदवावा. डावा कोरडा राहिल्यास अर्जदाराची हरकत नाही. सदर दुरुस्ती चिरंजीव कात्सुनोरी याच्या जन्माच्या आदल्या वर्षापासून लागू धरावी, ही नम्र विनंती."