नवरंगाची शीळ

"यंदाचं साल आपल्या पक्षीवाल्यांना जन्मभर आठवेल, काकू," पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा इरफान म्हणाला. "नवरंग एकदाही बोलला नाही."

टेकडीवरच्या आंब्यावर बसवलेल्या, आवाजावरून पक्षी ओळखून बोलून सांगणाऱ्या कानयंत्राने सबंध मोसमात त्याची शीळ टिपली नव्हती. नवरंग नाही, तर टेकडी राखीव नाही, असा कायदाच होता. आता यंत्र निघणार आणि खाणवाले येणार.

इंदुमतीकाकू दगडावर बसल्या. गेल्या वर्षापर्यंत तो न चुकता बोलायचा. त्यांचे यजमान अप्पा रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन त्याच्यासाठी इथवर चढून यायचे. अप्पा माघात गेले.

"गेल्या वर्षीचा ऐकवतोस?"

इरफानने मोबाइलवर लावला. दोन सुरांची स्वच्छ शीळ आणि तिच्यामागे, अगदी हळू, दाबून धरलेला खोकला. इरफानच्या तो ध्यानातही आला नाही. काकूंनी मात्र तो संसारभर शेजारच्या खाटेवर ऐकला होता.

"लबाड कुठला!" त्या पुटपुटल्या. इरफानला वाटलं, पक्ष्यालाच म्हणाल्या.

तो गाडीकडे गेल्यावर काकू आंब्याखाली उभ्या राहिल्या. पोरींनी शीळ घालू नये म्हणून लहानपणीच आईची चापट बसली होती. तरी त्यांनी ओठांचा चंबू केला. आधी नुसतीच हवा निघाली. मग कसाबसा एक सूर फुटला आणि थरथरत विरला.

यंत्राचा हिरवा दिवा लागला. नेहमीच्या कोरड्या आवाजात ते म्हणालं, "पक्षी अनोळखी. एकटाच आहे. जोडीदाराचं उत्तर नाही."